बारा वाजता, तळ्याकाठी

त्रेबीच, ९ डिसेंबर १९९०

विलेमदादा,

आठ वर्षांनी लिहितो आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो की या पत्रात मी माझ्यासाठी काहीही मागणार नाही. पत्ता यार्मिला आत्याने दिला. तुझी नाताळची कार्डे तिच्याकडे येतात हे मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. ती शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवते. बाबांना ठाऊक नाही. आईला आहे की नाही, ते मी विचारलेले नाही. ती आत्याकडे बटणे शोधायला जरा जास्तच वेळा जाते, एवढे मात्र खरे.

बातमी अशी की आम्ही युरोप बघायला निघालो आहोत. 'युरोप' हा बाबांचा शब्द. त्रेबीचसुद्धा युरोपातच आहे असे मी म्हटले, तर म्हणाले, "नकाशावर असेल." कम्युनिस्ट राजवट पडून सीमा उघडल्याला वर्ष झाले. निम्मी गल्ली व्हिएन्ना बघून आली. समोरचे कुटुंब तर दोन रात्री बसमध्ये झोपून एका दिवसात पॅरिस बघून आले आणि आता जिन्यात भेटेल त्याला त्याबद्दल सांगते. ते ऐकून ऐकून बाबांच्या मनाने घेतले की आपण व्हेनिस बघायचे. कारखाना नाताळ ते नववर्ष बंद असतो, म्हणून भर हिवाळ्यात.

गाडी तीच पिवळी, तू जाण्याआधीची. माणसे चार: बाबा, आई, आत्या आणि मी. चालवणार बाबा, नकाशा माझ्याकडे. मी प्रत्येक फाटा वहीत उतरवून घेतला आहे. सत्तावीसला व्हिएन्ना, अठ्ठावीसला ग्रात्स, एकोणतीसला मेस्त्रे, म्हणजे व्हेनिसच्या अलीकडचे गाव, तिथे खोल्या सांगून ठेवल्या आहेत. एकतीसला त्याच रस्त्याने परत.

ग्रात्सहून पुढे जाणारा रस्ता तुझ्या विलाखवरून जातो. बाबांनी दुसरा रस्ता शोधून पाहिला, सोयीचा एकही सापडला नाही. मग विलाखवर अंगठा ठेवून म्हणाले, "इथे थांबायचं नाही." अंगठा मात्र बराच वेळ तिथून हलला नाही.

पण बाबा बारा वाजता जेवतात. हे तू विसरला नसशील. आजीला पुरताना पाद्र्याचे प्रवचन लांबले, तेव्हा त्यांनी कबरस्तानाच्या भिंतीआड जाऊन खिशातला पाव खाल्ला होता. बारा वाजले की गाडी जिथे असेल तिथे थांबते आणि आई मागून पातेले काढते. म्हणून मी वेळ जुळवून ठेवली आहे. विलाखच्या अलीकडे, मोठ्या तळ्याच्या बाजूला, नकाशावर गाड्या थांबवायची एक जागा दाखवली आहे. सोबत तेवढा भाग उतरवून पाठवतो. एकोणतीस तारखेला बारा वाजता आम्ही तिथे असू. अर्धा तास.

आईला मी काही सांगितलेले नाही. तू आला नाहीस तर तिने वाट बघत बसू नये म्हणून. ती तुझे नाव घेत नाही. फक्त रेडिओवर ऑस्ट्रियाचे हवामान लागले की कुणाला बंद करू देत नाही. तिला जर्मन एक शब्द कळत नाही.

तिने तुला एकदा डोळ्यांनी बघावे, एवढ्यासाठी हे सगळे आहे. माझ्यासाठी नाही. यायचे तर ये. नाही आलास तर मी पुन्हा लिहिणार नाही.

रादिम

*

मेस्त्रे, २९ डिसेंबर १९९०, संध्याकाळ

विलेम,

पुन्हा लिहिणार नाही असे म्हटले होते. तू येशील किंवा येणार नाहीस, या दोन्हींची मी तयारी ठेवली होती. तू येऊनही येणार नाहीस, याची नव्हती.

आज सकाळी बाबा साडेसातलाच निघायला तयार होते. तसे निघालो असतो तर दहाच्या आत तुझे तळे मागे पडले असते. म्हणून मी ग्रात्सच्या खोलीत हातमोजा हरवला. तो पलंगाखाली, पेटीत आणि पुन्हा पलंगाखाली शोधला. वाटेत चार वेळा गाडी थांबवायला लावली. तिसऱ्या वेळी आत्या बाबांना म्हणाली, "ओल्दा, या पोराला डॉक्टरला दाखव. बावीस वर्षांचा आहे आणि माझ्याहून जास्त वेळा उतरतो." बाराला चार मिनिटे असताना ती जागा आली. बाबांनी घड्याळ पाहिले आणि स्वतःच गाडी वळवली.

बर्फ होता, ते तू पाहिलेसच. बाबांनी टॉवेल गाडीच्या पुढच्या भागावर अंथरला, कारण तिथे इंजिनाची ऊब असते. आईने निळे इनॅमलचे पातेले उघडले. घरून तळून आणलेले मांसाचे काप, काकड्यांचे लोणचे, पाव. तीन दिवस आम्ही तेच खातो आहोत आणि परत जाईपर्यंत तेच खाणार आहोत. आत्या तळ्याकडे बघून म्हणाली, "आपल्याकडेही तळं आहे. फक्त ते बघायला जायचं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं."

तुझी चंदेरी गाडी आम्ही येण्याआधीच तिथे होती. मानेवरून ओळखले मी तुला. गुन्हा करताना पकडला गेल्यासारखा, मान खाली घालून, तू लहानपणीही तसाच बसायचास. तू इंजिन बंद केलेस, पुन्हा चालू केलेस, पुन्हा बंद केलेस. पंधरा मिनिटे.

मग आई काय म्हणाली, ते काच वर असल्यामुळे तुला ऐकू गेले नसेल. ती म्हणाली, "तो बघ, एकटाच बसलाय बिचारा. एक काप देऊन ये त्याला." तिने कागदी रुमालात एक काप आणि पावाचा तुकडा बांधून माझ्या हातात दिला. बाबा म्हणाले, "परक्या माणसाला कशाला?" ती म्हणाली, "भूक काय परकी असते?"

मी ते घेऊन तुझ्या दिशेने चालत आलो. तू मला बघितलेस आणि काचेवरची ऊन अडवायची झडप खाली केलीस. ऊन नव्हते.

मी परत गेलो आणि सांगितले, नको म्हणाला. आईने तो रुमाल परत पातेल्यात ठेवला. ते तिघे शौचालयाकडे गेले, मी नळावर काटे-सुऱ्या धुवायला गेलो. येऊन बघतो तर तुझी गाडी नाही आणि आमच्या वायपरखाली कागद. आधी मला दंडाची पावती वाटली. मी घडी उघडली. तू लिहिले होतेस: "आईला पाहिलं. तुझं अक्षर ओळखलं. वकिलातीत मला दाखवलेल्या त्या कागदावरही तेच अक्षर होतं. पुन्हा लिहू नकोस."

कोणत्या कागदाबद्दल म्हणतोस, ते मला कळले नाही.

मला एवढेच कळले की तुला आमची लाज वाटली. तुझ्या गावात चार माणसे बर्फात उभी राहून पातेल्यातले खातात, आणि त्यांतली एक तुझी आई आहे. असू देत. आम्ही उद्याही असेच उभे राहून खाऊ, व्हेनिसच्या मधोमध.

रादिम

*

मेस्त्रे, ३० डिसेंबर १९९०, दुपार

विलेम,

कालचे पत्र मी टपालपेटीत टाकले नाही, कारण त्यात एक वाक्य खोटे आहे. खोडलेले पत्र मी पाठवत नाही, म्हणून ते आहे तसेच ठेवतो आणि खरे काय ते इथे लिहितो.

आज व्हेनिस बघितले. धुके इतके की पलीकडचा काठ दिसत नव्हता. मोठ्या चौकात पाणी चढले होते, लोक फळ्यांवरून एका ओळीत चालत होते. बाबांनी प्रत्येक गोष्टीसमोर उभे राहून टोपी काढली, पाहिली, घातली. "पाहिलं," म्हणाले आणि पुढे. आत्या म्हणाली, "चार दिवसांत अकरा चर्चं झाली. घरी एकातही पाऊल टाकत नाही हा." आई एका पुलावर खूप वेळ उभी राहिली. तिला विचारले काय बघतेस, तर म्हणाली, "इथल्या बायका कपडे कुठे वाळत घालतात ते." बारा वाजता आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर जेवलो. उभ्याने खाण्याइतकी फळीवर जागा नव्हती.

आता कागदाचे.

तो मीच लिहिला. १९८३, मार्च. तू युगोस्लाव्हियाला समुद्र बघायला म्हणून गेलास आणि परत आला नाहीस, त्याला तेव्हा सात महिने झाले होते. मी आठवीत होतो, वर्गात पहिला. पुढच्या शाळेच्या प्रवेश समितीतला एक माणूस घरी आला, कोट न काढता स्वयंपाकघरात बसला आणि म्हणाला, मुलगा हुशार आहे, पण घरातला एक देश सोडून पळालेला आहे. त्याच्याशी घराचा संबंध नाही असे आईवडिलांनी लेखी दिले तर बघता येईल. मजकूर त्याने तोंडी सांगितला. बाबांनी लिहायला घेतले, चुकांनी दोन कागद खराब झाले. मग ते मला म्हणाले, "तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे." मी लिहिले. "विलेम याला आम्ही यापुढे आमचा मुलगा मानत नाही." तो माणूस म्हणाला, छान, एकही चूक नाही. मला बरे वाटले, हेही लिहून ठेवतो. पंधरा वर्षांचा होतो आणि मला शाळेत जायचे होते.

बाबांनी सही केली. तू तेवढीच पाहिलीस. सही एकच होती, हे तुझ्या लक्षात आले का? जागा दोघांची होती.

आईने सही केली नाही. नाही असेही म्हणाली नाही. कागद पुढे केला की तिचे हात पिठात. म्हणायची, "थांबा, हात भरलेत." पाच दिवस ती पीठ मळत होती. त्या आठवड्यात आपल्या घरात प्लमच्या मुरंब्याचे इतके गोड पाव झाले की वरच्या मजल्यापासून तळघराच्या रखवालदारापर्यंत सगळ्यांना पोचले, आणि लोक थट्टेने विचारू लागले की रादिमची सोयरीक ठरली की काय. सहाव्या दिवशी मुदत संपली. एका सहीचा कागद समितीने फाइलला लावून ठेवला, तो पुढे कुठे कुठे फिरला असेल ते तुला जास्त माहीत. आणि मला शाळा मिळाली नाही. मी बुटांच्या कारखान्यात कातडे कापायला लागलो. अजून तेच करतो.

म्हणजे हिशेब असा आहे: तुझ्यासाठी माझी शाळा गेली, आणि ती घालवली आईने, तुला सोडायला नको म्हणून. मी तिच्याशी वर्षभर नीट बोललो नाही. तिने एकदाही स्वतःची बाजू सांगितली नाही. आणि तू काल तिच्यासमोर झडप खाली केलीस.

माझ्यावर रागाव. मी लिहिले, मी ते नाकारत नाही आणि त्याची माफीही मागत नाही, कारण ज्याची मागायची तो समुद्र बघायला जातो म्हणून सांगून गेला होता. पण माझ्यावरचा राग तिच्या अंगावर काढायचा नाही.

उद्या अकराच्या सुमारास आम्ही विलाखात येऊ. तुझ्या दारात. बाबांना अजून माहीत नाही. ही दोन्ही पत्रे तुझ्या हातात देईल ती आईच असेल. त्या वेळी मध्ये काच नसेल, तेवढे मी बघतो.

रादिम

*

त्रेबीच, ६ जानेवारी १९९१

विलेम,

वर तुझ्या घरात काय झाले ते तुला माहीत आहे. खाली गाडीत काय झाले ते मी लिहितो, कारण ते तुला दुसरे कुणी सांगणार नाही.

विलाखचा फाटा आला तेव्हा मी म्हटले, "बाबा, उजवीकडे." ते म्हणाले, "सरळ." मी नकाशाची घडी केली, मांडीवर ठेवली आणि म्हटले, "उजवीकडे विलेमचं घर आहे. तुम्हाला यायचं नसेल तर इथे थांबवा, मी उतरतो. आईला घेऊन चालत जातो." माझा आवाज बारीक निघाला, पण निघाला. बाबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागून आत्या म्हणाली, "मीही उतरते. मला पायांत कळ आलीय आणि विलेमकडे गरम पाणी असेल."

आईने पर्समधून कंगवा काढला आणि केस विंचरायला घेतले. मग आरशात बाबांकडे बघत म्हणाली, "चंदेरी गाडीत तोच होता."

मी विचारले, मग तू स्वतः का नाही गेलीस?

"तो उतरला नाही. लपलेल्या मुलाला मी कधी ओढून काढलेलं नाही. खायला पाठवलं ना."

बाबांनी वळण्याचा दिवा लावला आणि गाडी उजवीकडे घेतली. तुझ्या दारापर्यंत त्यांनी एकही फाटा विचारला नाही. रस्ता मी वहीत लिहून ठेवला होता, तो मला वाचायची गरज पडली नाही. त्यांना तो कसा ठाऊक होता हे मी विचारले नाही. नकाशावर इतका वेळ अंगठा ठेवणाऱ्या माणसाला काय विचारायचे?

आई आणि आत्या वर गेल्या. मी आलो नाही. तुझ्या बायकोने खिडकीतून दोनदा हात केला, तुझी मुलगी काचेला नाक लावून उभी होती, ते दिसले. तरी आलो नाही. तुझ्या घरात बसून कॉफी घेतली असती तर काहीतरी मिटल्यासारखे झाले असते, आणि माझ्या बाजूने ते मिटलेले नाही.

बाबांनी इंजिन बंद केले. पाऊण तास ते सुकाणू धरून बसले होते. बारा वाजले. मी पातेले काढू का विचारले. नको म्हणाले. चर्चच्या घंटा थांबल्यावर म्हणाले, "तिनं सही केली नव्हती."

"हो," मी म्हटले.

"मी केली."

"कागद मी लिहिला."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तू पोर होतास. तुला मी सांगितलं." आठ वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकले. त्यांनी ते मला द्यावे म्हणून मी कितीतरी रात्री छताकडे बघत काढल्या होत्या, आणि मिळाले तेव्हा पाय इतके गारठले होते की मला बाकी काही जाणवलेच नाही.

मग त्यांनी समोर बघतच विचारले, "तो खिडकीत आहे का?"

तू होतास. दुसरा मजला, डावीकडची खिडकी, पडदा हातात धरून. सरळ आमच्या गाडीच्या छपराकडे बघत होतास. मी बाबांना सांगितले, "नाही."

हे मी मुद्दाम केले आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. काचेतून बघणे मी धरत नाही. ते तुझे तळ्याकाठी झाले. बत्तीस पायऱ्या होत्या, आत्याने मोजल्या. आईच्या गुडघ्यांनी त्या चढल्या. तुझे गुडघे ठीक दिसत होते.

दोन वाजता आई खाली आली. चेहरा रडून सुजलेला, आणि चालणे असे की जणू ती गल्लीत कुणाच्या बारशाहून परतते आहे. गाडीत बसल्यावर बाबांना म्हणाली, "त्याचं वजन वाढलंय. मुलगी माझ्यासारखी डावखुरी आहे." बाबा म्हणाले, "बरं." सीमेवर शिपायाने विचारले, काही जाहीर करण्यासारखे आहे का? आत्या म्हणाली, "आहे, पण तुम्हाला नाही." आई हसली. तिला हसताना पाहून बाबांनी गाडी दोनदा बंद पाडली.

इथवर ठीक होते. आता आजचे.

आज जेवण झाल्यावर बाबांनी स्वयंपाकघराचे टेबल पुसले, कोरा कागद ठेवला, माझे पेन ठेवले आणि मला हाक मारली. म्हणाले, "लिही." काय लिहू विचारले. "विलेमला. तो कागद मी मागे घेतो असं. तू नीट मांड. तुला येतं."

मला येते. चार ओळींत असे मांडले असते की तू वाचून खाली बसला असतास. मी पेनचे टोपण काढलेही. आई भांडी घासत होती, तिचा हात थांबला. मी टोपण परत लावले.

"नाही, बाबा," मी म्हटले. "मागचाही माझ्याच अक्षरात होता."

ते म्हणाले, माझ्या चुका होतात, तो हसेल. मी म्हटले, हसू दे. ते म्हणाले, तुझ्या बापानं एवढंसं सांगितलं तर तुला जड होतंय? मी म्हटले, हो. ते उठले, कोट घातला आणि गाडी पुसायला खाली गेले. बर्फात. तीन तास झाले. खिडकीतून दिसते आहे: गाडी कधीच पुसून झाली आहे आणि ते अजून पुसत आहेत. कोरा कागद टेबलावर आहे. आई त्याच्या भोवतीने ताटे मांडते आहे, त्याला हात लावत नाही आणि मलाही लावू देत नाही.

ते माझ्याशी बोलतील की नाही, माहीत नाही. मी उद्या कारखान्यातून येताना संध्याकाळच्या शाळेचा अर्ज आणणार आहे. बावीस वर्षांच्या माणसाला घेतात, चौकशी केली आहे. तो मी भरीन तेव्हा घरात कुणाची सही लागणार नाही.

तुला माझे पत्र पुन्हा येणार नाही. बाबांचे आले तर ते वाकडेतिकडे असेल आणि पूर्ण त्यांचे असेल. मी त्याला हात लावलेला नसेल. नाही आले, तर ते न लिहिणेही त्यांचेच समज.

रादिम